उत्तराआधी गृहीतके दाखवा

१९९७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील रेड नदीच्या खोऱ्यात प्रचंड बर्फ साचला होता. नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स हे शहर या नदीच्या काठावर वसलेले आहे. बर्फ वितळू लागल्यावर नदी किती चढेल, याचा अंदाज तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने फेब्रुवारीतच कळवला. पुढे पाऊस वा हिम काहीच पडले नाही तर ४७.५ फूट आणि नेहमीइतके पडले तर ४९ फूट, असे ते गणित होते. शहराने त्यातला ४९ हा आकडा धरून ठेवला. काहींनी ती नदीची कमाल पातळी समजली, तर काहींनी पाणी नेमके तिथपर्यंतच येणार असा अर्थ घेतला. १९७९ चा पूरही जवळपास तेवढ्याच पातळीचा होता, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटला. माती आणि वाळूची पोती रचून त्या पातळीच्या थोडे वर जातील असे बांध उभारण्यात आले. एप्रिलमध्ये नदी ५४ फुटांच्या वर गेली. पाणी बांधांवरून शहरात उतरले आणि सुमारे ५० हजार वस्तीच्या त्या शहरातील बहुतेकांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले.

या घटनेचा विषय निघाला की 'अंदाज चुकला' असे म्हणून लोक मोकळे होतात. अंदाज पाच फुटांनी, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी चुकला, हे खरेच आहे. पण नदीच्या पुराच्या अंदाजांत एवढी चूक पूर्वीही होत आली होती आणि जाणकारांना ती अनपेक्षित नव्हती. खरी गफलत पुढे झाली. अंदाज किती चुकू शकतो हे आकड्याबरोबर सांगितले गेले नाही, आणि 'नेहमीइतका पाऊस पडला तर' ही अट सांगितली गेली तरी ती वाटेतच गळून पडली. घरोघरी पोचला तो नुसता आकडा. पाणी ५४ फुटांपर्यंतही जाऊ शकते, तशी शक्यता थोडी असली तरी नगण्य नाही, एवढे एक वाक्य पोती रचणाऱ्यांच्या हाती असते, तर बांध आणखी चढवावा की माणसे आणि सामान आधीच हलवावे, हा प्रश्न वेळेवर उभा राहिला असता आणि त्याचे उत्तर शोधायला त्यांच्याजवळ कित्येक आठवडे होते.

सार्वजनिक निर्णयांत संगणकीय मॉडेले वापरावीत की नाही, हा वाद आता जुना झाला. पूर कुठवर येईल, साथ किती पसरेल, मदत कोणाला आधी मिळावी, कोणाच्या अर्जाची जास्त बारकाईने छाननी करावी, अशा अनेक निर्णयांमागे आज मॉडेल असते. माझे म्हणणे असे की ती आजच्यापेक्षा अधिक वापरली जावीत, पण निवाडा सुनावणारे आसन त्यांना देऊ नये. आपण काय गृहीत धरून चाललो आहोत हे कागदावर आणण्याचे साधन म्हणून त्यांचा उपयोग व्हावा. आणि ज्या मॉडेलची गृहीतके, ज्याच्या चुकीची व्याप्ती आणि ज्याच्यासाठी उत्तर देणारी व्यक्ती, या तिन्ही गोष्टी निर्णयाची झळ सोसणाऱ्यांना पाहता येत नाहीत, त्याच्या आधारे त्यांच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नसावा.

मॉडेल करणे म्हणजे जगाचा एखादा तुकडा निवडणे, त्यातल्या कोणत्या गोष्टी हिशेबात घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे ठरवणे, त्यांचे परस्परसंबंध समीकरणांत किंवा नियमांत बसवणे आणि मग 'असे केले तर काय होईल' हे संगणकाकडून पुन्हा पुन्हा करवून पाहणे. यातले शेवटचे काम तेवढे यंत्राचे आहे. आधीची सगळी माणसाची आहेत. यंत्र निःपक्षपाती असते असे म्हणणारे आणि यंत्राला माणसाचे दुःख काय कळणार असे विचारणारे, दोघेही फक्त त्या शेवटच्या कामाकडे पाहत असतात. पक्षपात असो वा करुणा, ती आत शिरली असेल तर त्याआधीच शिरलेली असते.

शिवाय मॉडेल नाकारणाऱ्या अधिकाऱ्याजवळही मॉडेल असतेच. 'अशी प्रकरणे मी वीस वर्षे पाहतो आहे' असे तो म्हणतो तेव्हा वीस वर्षांत त्याच्या मनात बसलेल्या नियमांवरच तो विसंबत असतो. ते नियम लिहिलेले नसतात, म्हणून कोणाला तपासता येत नाहीत; आणि सकाळी ताज्या मनाने लावलेला नियम संध्याकाळी दमल्यावर तसाच लागला की नाही, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये असे सुमारे वीस अभ्यास ताडून पाहिले, ज्यांत एकाच प्रश्नावर तज्ज्ञाने बांधलेला अंदाज आणि साध्या सांख्यिकी सूत्राने काढलेला अंदाज समोरासमोर ठेवता येत होता. विद्यार्थी अभ्यासक्रमात टिकेल का, सुटलेला कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळेल का, रुग्णाला उपचार लागू पडेल का, असे ते प्रश्न होते. जवळपास प्रत्येक ठिकाणी सूत्र तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरले. पुढे १९७९ मध्ये रॉबिन डॉज यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सूत्रातील घटकांचे भारांक बारकाईने काढले नाहीत, सर्व घटकांना सरसकट सारखे वजन दिले, तरी ते सूत्र अनेकदा तज्ज्ञाला मागे टाकते. कोणत्या गोष्टी पाहायच्या हे तज्ज्ञाला उत्तम कळते, आणि ते ज्ञान सूत्राला त्याच्याकडूनच घ्यावे लागते. पण पाहिलेल्या गोष्टींची बेरीज करताना त्याच्या हातून सातत्य सुटते. मला या संशोधनात तज्ज्ञांचा अपमान दिसत नाही. त्यांचे ज्ञान कुठे खर्ची घालावे याचे मार्गदर्शन दिसते.

म्हणूनच मॉडेल बाजूला ठेवा आणि माणसावर सोपवा, हा सल्ला ऐकायला सुखद असला तरी माझ्या मते तो न लिहिलेल्या मॉडेलची निवड करणारा सल्ला आहे. तुलना करायची तर ती मॉडेल आणि निर्दोष निर्णय यांची करून चालणार नाही. तेच काम मॉडेलविना कसे झाले असते, याच्याशी ती करावी लागेल.

चांगले मॉडेल काय देऊ शकते, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३ यांच्या दरम्यानच्या रात्री उत्तर समुद्रातील वादळाने नेदरलँड्सचे समुद्रबांध फोडले आणि त्या देशातील १,८३६ माणसे मेली. असे पुन्हा होता कामा नये, ही त्यानंतरची सर्वांची भावना होती. पण बांध बांधणाऱ्याला ती भावना पुरत नाही, त्याला उंची सांगावी लागते. समुद्राच्या उधाणाला ज्ञात अशी कमाल मर्यादा नाही, त्यामुळे पूर्ण सुरक्षित अशी कोणतीही उंची नसते. बांध कितीही उंचावला तरी त्यावरून पाणी जाण्याची काही शक्यता उरतेच. सरकारने नेमलेल्या डेल्टा समितीसाठी गणितज्ञ डेव्हिड व्हान डँटझिग यांनी हा प्रश्न असा मांडला: बांध जसजसा वाढवू तसतसा खर्च वाढतो आणि पुराची शक्यता, म्हणून नुकसानीचा अपेक्षित भार, घटत जातो, तर या दोहोंची बेरीज सर्वांत कमी कुठे होते? या मांडणीच्या आधाराने पुढे हॉलंडच्या दाट वस्तीच्या किनाऱ्यासाठी मानक ठरले की कोणत्याही एका वर्षी ज्या पातळीचे उधाण येण्याची शक्यता दहा हजारात एक आहे, तेवढे उधाण बांधाने सोसले पाहिजे.

या मांडणीची खरी किंमत त्या उंचीच्या आकड्यापेक्षा मोठी आहे. नुकसान म्हणून काय काय धरायचे, पुढच्या पिढ्यांचे नुकसान आजच्या नुकसानीच्या तुलनेत किती मोजायचे, माणसाच्या मरणाला या हिशेबात कोणत्या रूपाने जागा द्यायची, हे प्रश्न गणिताने सोडवलेले नाहीत, कारण ते गणिताचे नाहीतच. पण मॉडेलमुळे ते नेमके कुठे बसले आहेत हे दिसले. एरवी हेच प्रश्न अंदाजपत्रकाच्या घासाघिशीत कोणाच्याही नजरेस न पडता सुटून गेले असते, आणि कोणाच्या तरी जिवाची किंमत ठरवली गेली आहे याची कोणालाही जाणीव झाली नसती.

आता दुसरी बाजू, आणि मला इथे जास्त वेळ थांबावेसे वाटते. कारण मॉडेलांचा घात बहुधा त्यांच्या गणितात होत नाही, आपण त्यांना नेमके काय विचारले यात होतो. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या रुग्णांना जास्तीच्या देखभालीची गरज आहे हे निवडण्यासाठी अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती. रुग्णाचा वंश तिला सांगितलेला नव्हता. पण 'गरज' थेट मोजता येत नाही, म्हणून तिच्याजागी 'पुढे उपचारांवर किती खर्च होईल' हे तिला शोधायला सांगितले होते. वरवर हे शहाणपणाचे वाटते, कारण आजारी माणसावर खर्च अधिक होतो. मात्र तितक्याच आजारी असलेल्या गोऱ्या रुग्णाच्या मानाने काळ्या रुग्णावर कमी खर्च होत होता. उपचारांपर्यंत पोचण्याच्या वाटेत त्यांना अडथळे अधिक होते. प्रणालीने ती कमी खर्चाची रक्कम 'कमी आजारी' अशी वाचली. आपोआप निवडल्या जाणाऱ्या रुग्णांत काळ्यांचे प्रमाण १७.७ टक्के होते. ही विषमता काढून टाकली तर ते ४६.५ टक्के झाले असते, असे संशोधकांना आढळले.

यात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नाही. खर्चाचा अंदाज प्रणाली चांगलाच बांधत होती. 'गरज म्हणजे खर्च' हे एक वाक्य कोणीतरी कुठेतरी ठरवले होते आणि रुग्णांचे भवितव्य त्या वाक्याने ठरत होते. ते वाक्य सुरुवातीलाच साध्या भाषेत लिहून एखाद्या अनुभवी परिचारिकेसमोर ठेवले असते, तर संगणकाचा गंधही नसताना तिने त्यातली खोट दाखवली असती, असा माझा विश्वास आहे.

ऑस्ट्रेलियातील प्रकरण तर याहून साधे आणि याहून क्रूर आहे. सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांना जादा रक्कम दिली गेली का हे शोधण्यासाठी तिथल्या सरकारने जी योजना चालवली, ती लोकांत 'रोबोडेट' या नावाने ओळखली गेली. तिच्या मुळाशी मोठे गणित नव्हते, होता तो एक भागाकार. कर विभागाकडे माणसाचे वर्षभराचे उत्पन्न होते. साहाय्य मात्र दर पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत असे. मग वार्षिक उत्पन्नाला २६ ने भागले आणि येणारी सरासरी प्रत्येक पंधरवड्याची कमाई म्हणून धरली. समजा, एका माणसाने वर्षातले १३ पंधरवडे काम करून दर वेळी २,००० डॉलर मिळवले आणि उरलेले १३ पंधरवडे तो बेकार होता. त्या काळात त्याने साहाय्य घेतले आणि आपली कमाई शून्य असल्याचे खरे ते कळवले. त्याचे वार्षिक उत्पन्न २६,००० होते, म्हणजे सरासरी १,०००. आता संगणकाच्या दृष्टीने, बेकारीच्या प्रत्येक पंधरवड्यात तो १,००० डॉलर मिळवत होता आणि ते लपवत होता. त्याला वसुलीची नोटीस जाते. खरे काय ते सिद्ध करायचे तर कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांचे तुकडे त्यानेच शोधून आणायचे.

ज्यांची कमाई वर्षभर एकसारखी असते त्यांच्यापुरता हा भागाकार बिनचूक आहे. पण साहाय्य घेण्याची वेळ मुख्यतः ज्यांच्यावर येते, त्यांची कमाई एकसारखी नसते. म्हणजे ज्या लोकांसाठी गृहीतक खोटे ठरणार, नेमक्या त्याच लोकांवर ते लावले गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयासमोर सरकारला मान्य करावे लागले की अशा सरासरीवर उभारलेले कर्ज कायदेशीर नव्हते, आणि शाही आयोगाने जुलै २०२३ च्या अहवालात ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती असे नोंदवले. आधीची कित्येक वर्षे लोक एकेकटे, आपापल्या घरी, न घेतलेल्या कर्जाचा हिशेब लावत बसले होते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही की पुराव्याचा भार उलटा फिरवला गेला. माणसाने माणसावर आरोप केला असता तर पुरावा आरोप करणाऱ्याकडे मागितला गेला असता. यंत्रातून आलेला आकडाच पुरावा मानला गेला आणि तो खोडण्याची जबाबदारी सर्वांत दुबळ्या बाजूवर पडली.

अनिश्चिततेबद्दल हवामानशास्त्राने जे केले, ते सार्वजनिक निर्णयांच्या इतर क्षेत्रांनी अजून पुरेसे शिकून घेतलेले नाही. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाच्या आपल्या छोट्या मॉडेलची एक आकडेमोड मधूनच पुन्हा सुरू करायची ठरवली आणि आधी छापून आलेला आकडा संगणकात भरला. संगणकाच्या स्मृतीत ०.५०६१२७ होते, छापील कागदावर जागा वाचवण्यासाठी ०.५०६ एवढेच आले होते. सुमारे तासाभराने परत येऊन पाहतात तो नवे हवामान हळूहळू जुन्यापासून दुरावत जाऊन शेवटी पार वेगळे झालेले. आरंभीचे मोजमाप कधीच पूर्ण नेमके नसते, आणि चूक इतकी वाढत जात असेल, तर एकाच आरंभावरून एकच उत्तर काढण्याला मर्यादा आहे. त्यावर हवामानशास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग मला प्रामाणिकपणाचा नमुना वाटतो. आरंभीची स्थिती थोडी थोडी बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवायचे आणि उत्तरे किती फाकतात ते पाहायचे. हवामानाचे अंदाज देणाऱ्या युरोपीय केंद्राने आणि अमेरिकेतील राष्ट्रीय हवामान केंद्राने डिसेंबर १९९२ मध्ये ही पद्धत रोजच्या कामात आणली. युरोपीय केंद्राच्या संचात पुढे ५१ अंदाज असू लागले. ते जवळजवळ असले की भरवसा जास्त, विखुरले की कमी. आणि हे विखुरणेही अंदाजाचाच भाग म्हणून पुढे दिले जाते.

निर्णय घेणाऱ्याला एकच आकडा लागतो, शक्यतांच्या भाषेने त्याचा गोंधळ उडतो, असा आक्षेप यावर नेहमी येतो. मला तो पटत नाही. आधीच बचाव करण्याचा खर्च संभाव्य नुकसानीच्या एक दशांश असेल, तर नुकसानीची शक्यता दहा टक्क्यांच्या वर जाताच बचाव करणे दीर्घकाळात फायद्याचे ठरते. खर्च नुकसानीच्या निम्मा असेल, तर पन्नास टक्क्यांपर्यंत थांबता येते. हा नियम कोणत्याही प्रशासकाला पाच मिनिटांत समजावता येतो. यात एक मोलाची गोष्ट दडलेली आहे: एकाच अंदाजावरून दोन संस्थांनी वेगवेगळे निर्णय घेणे योग्य असू शकते, कारण त्यांचे खर्च आणि त्यांची नुकसाने वेगळी असतात. रुग्णालयाने २० टक्के शक्यतेला हालचाल करावी आणि गोदामाने करू नये, यात विसंगती नाही. मॉडेल करणाऱ्याने एकच आकडा देऊन टाकला की हा निर्णय त्याने, स्वतःच्याही नकळत, सर्वांच्या वतीने घेऊन टाकलेला असतो.

अटीवर आधारलेल्या अंदाजांची गत तर आणखी वाईट होते. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने जो अहवाल दिला, त्यात कोविडच्या साथीत ग्रेट ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होऊ शकतील असा आकडा होता. सरकारने काही केले नाही आणि लोकांनीही आपले वागणे मुळीच बदलले नाही तर, ही त्याची अट अहवालातच लिहिलेली होती. तसे काही होणार नाही हे अहवाल लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. काहीच न करण्याची किंमत दाखवणे हाच त्या आकड्याचा उद्देश होता. पुढे लोक वागणे बदलून घरी बसले, आकडा त्याहून कमी आला, आणि अंदाज फसला असे म्हटले जाऊ लागले. धोक्याची सूचना ऐकून गाडी थांबवावी आणि मग अपघात झालाच नाही म्हणून सूचना देणाऱ्याला खोटे पाडावे, तसे हे झाले. त्या गटाची एक बाजू मात्र खरोखर लंगडी होती: इतक्या मोठ्या निर्णयाला आधार देणारा संगणकीय कोड त्या दिवशी कोणाला पाहता येत नव्हता, तो काही आठवड्यांनी आणि साफसूफ करून खुला झाला. आकड्याबद्दलच्या निम्म्या संशयाला या उशिराने खतपाणी घातले, असे मला वाटते.

खुलेपणाला वेळ असते, हे त्याच वर्षी इंग्लंडमध्येही दिसले. परीक्षा होऊ न शकल्याने ए लेव्हलचे, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाआधीच्या शालेय परीक्षेचे, श्रेणीनिकाल एका मॉडेलने ठरवले. शाळेच्या मागच्या वर्षांच्या निकालांवरून यंदाच्या श्रेणींची वाटणी काढायची आणि शिक्षकांनी लावलेल्या क्रमाने ती विद्यार्थ्यांना द्यायची, अशी त्याची रीत होती. अगदी लहान वर्गांत मात्र शिक्षकांनी दिलेल्या श्रेणीच धरल्या गेल्या, आणि असे वर्ग खासगी शाळांत जास्त होते. शिक्षकांच्या तुलनेत जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या. ज्या शाळेतून आजवर कोणी वरची श्रेणी मिळवली नव्हती, तिथल्या हुशार मुलीला ती मिळण्याची वाटच या गणिताने जवळजवळ बंद केली होती. परीक्षा-नियामकाने मॉडेलचे शेकडो पानांचे विवरण प्रसिद्ध केले, पण ते निकालाच्याच दिवशी. चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, मॉडेलच्या श्रेणी मागे घ्याव्या लागल्या. 'ज्या शाळेत आजवर असे घडले नाही, तिथे यंदाही घडणार नाही' हे गृहीतक दोन महिने आधी एवढ्याच शब्दांत लोकांपुढे ठेवले असते, तर ते एक आठवडाही टिकले नसते.

गृहीतके उघड करण्याला दोन आक्षेप घेतले जातात. प्रणाली खासगी कंपनीने बनवलेली आहे आणि तिचे सूत्र हे व्यापारी गुपित आहे, हा पहिला. याचे उत्तर शासनाने खरेदीच्या करारातच द्यायला हवे. ज्या कारणाने एखाद्याचे साहाय्य थांबते, ते कारण त्याला सांगता येत नसेल, तर ती वस्तू सार्वजनिक कामासाठी विकाऊच नाही असे समजावे. नियम कळले की लोक त्यांतून पळवाटा काढतील, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे; फसवणूक शोधणाऱ्या प्रणालीचे बारीकसारीक उंबरठे जाहीर करणे शहाणपणाचे नाही. पण उंबरठा झाकून ठेवणे वेगळे आणि तत्त्व झाकून ठेवणे वेगळे. वार्षिक उत्पन्नाला २६ ने भागले आहे हे सांगितल्याने कोणत्याही लबाडाचा फायदा झाला नसता, आणि हजारो प्रामाणिक माणसांना पहिल्याच दिवशी चूक दाखवता आली असती. अॅमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी २०२० मध्ये आपण वापरत असलेल्या अशा प्रणालींची नोंदवही नागरिकांसाठी खुली केली, म्हणजे हे न जमणारे काम नाही.

बँकांच्या बाबतीत हे आपण केव्हाच मान्य केले आहे. अमेरिकेतील बँक-नियामकांनी २०११ मध्ये बँकांना दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले होते की प्रत्येक महत्त्वाच्या मॉडेलला जाणत्या आणि स्वतंत्र व्यक्तींनी आव्हान दिले पाहिजे आणि त्या आव्हानाने बदल घडवून आणण्याइतके वजन त्यांच्यामागे असले पाहिजे. मॉडेल करणाऱ्यानेच त्याची परीक्षा घ्यायची नाही, वापर सुरू झाल्यावरही निष्कर्ष प्रत्यक्षाशी ताडत राहायचे, मर्यादा लिहून ठेवायच्या. पैशाच्या जोखमीसाठी जी काळजी अनिवार्य वाटते, ती माणसाच्या औषधाच्या, शिक्षणाच्या आणि उदरनिर्वाहाच्या जोखमीसाठी का वाटू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. त्याला मी आणखी एकच जोड देईन: मॉडेलच्या आधाराने काढलेल्या प्रत्येक आदेशाखाली माणसाची सही असावी, आणि सही करणाऱ्याला मॉडेलच्या विरुद्ध जाण्याचा अधिकार आणि तेवढा वेळ असावा. दिवसाला पाचशे प्रकरणांवर सही करायला बसवलेला अधिकारी काहीच तपासत नसतो. त्याची सही ही फक्त जबाबदारी लपवण्याची जागा होते.

हवामानाचा अंदाज गणिताने काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने केला. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होता आणि फुरसतीत हाताने आकडेमोड करत होता. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या निरीक्षणांवरून, सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल हे त्याने काढले. उत्तर आले १४५ मिलिबारची वाढ. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. इतके हास्यास्पद उत्तर कोणीही दडपून टाकले असते. रिचर्डसनने १९२२ मध्ये ते उत्तर, त्यामागची समीकरणे, घेतलेली निरीक्षणे आणि आकडेमोडीचे तक्ते, सगळे छापले आणि आपल्या मते चूक कुठे असावी तेही लिहिले. अनेक दशकांनी पीटर लिंच या आयरिश हवामानशास्त्रज्ञाने तेच तक्ते उघडले. आरंभीच्या निरीक्षणांत वारा आणि दाब यांचा मेळ बसलेला नव्हता, तेवढाच त्याने बसवला आणि रिचर्डसनची पद्धत जशीच्या तशी पुन्हा चालवली. दाबातला बदल एका मिलिबारहूनही कमी आला.